बिनवासाचे हात

अवसरी बुद्रुकच्या खालच्या आळीतल्या अंगणवाडीत पोरांनी हात धुतले की नाही, हे वासावरून ठरायचं. खाऊच्या आधी पोरं पिंपापाशी रांग लावायची. मदतनीस साळुबाई तांब्यानं पाणी ओतायची आणि सेविका अश्विनी प्रत्येकाच्या हातावर गुलाबी साबण फिरवून बोटं, बेचकी, नखं चोळून द्यायची. मग पोर तळवे वर करून म्हणायचं, "बाई, वास घ्या." ती वाकून वास घ्यायची. गुलाबाचा वास आला की गुळाच्या सुकडीची वाटी मिळायची. नाही आला की पोर परत पिंपापाशी.

ही युक्ती अश्विनीनंच काढली होती. साबण सरकारकडून येत नसे, तो ती मंचरच्या बाजारातून आणायची. लाल साबण स्वस्त पडला असता, पण त्याच्या वासाला पोरं नाकं मुरडायची. गुलाबी साबणासाठी मात्र आपणहून पळत यायची. घरी जाऊन आईलाही हात हुंगायला लावायची. चार वर्षांच्या पोराला जंतू दाखवता येत नाहीत, वास देता येतो, असं अश्विनीचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं.

त्या वर्षी श्रावणात तिच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. आधी बारीक पाण्याचे फोड आले, मग कातडी सुटायला लागली, मग भेगा पडल्या. गणपतीपर्यंत खाज मनगटावर चढली आणि मानेवर, कानांमागेही लाल चट्टे उठले. अश्विनीनं कुठल्याही स्वच्छ बाईनं केलं असतं तेच केलं. ती हात जास्त वेळा धुवायला लागली. पोरांचे धुऊन झाले की त्याच साबणानं पुन्हा आपले धुवायची. मानेवर थंड वाटावं म्हणून चमेलीच्या वासाची पावडर मारायची. हाताला वास चांगला येतोय म्हणजे हात चांगले आहेत, असं तिलाही वाटत होतं. पोरांना तिनं शिकवलं होतं तेच.

मंचरच्या डॉक्टरांनी मलम दिलं. त्यानं खाज आठवडाभर बसायची आणि परत यायची.

बोलायला सुरुवात गोजरबाईनं केली. तिचा नातू सार्थक अंगणवाडीतला सगळ्यात बडबड्या पोरगा होता. एका सकाळी ती त्याला घ्यायला लवकर आली आणि दारातूनच अश्विनीचे हात बघत राहिली.

"बाई, ही खरूज हाय का?"

"नाही आजी. औषध चालू आहे."

"न्हाई तर मग काय हाय?"

अश्विनीनं हात पदराखाली घेतले. गोजरबाईनं सार्थकच्या हातातली वाटी काढून खाली ठेवली, त्याला कडेवर घेतलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी सार्थक आला नाही. त्याच्या शेजारची दोन पोरं आली नाहीत. दसऱ्यापर्यंत पिंपापाशी रांग लावावी इतकी पोरंच उरली नाहीत. जी यायची ती साळुबाईच्या हातचं खायची आणि अश्विनीनं जवळ घेतलं की अंग चोरायची. घरून तसं सांगितलेलं असायचं.

मुख्यसेविका मॅडम पाहणीला आल्या. बाई वाईट नव्हत्या. पण जाताना म्हणाल्या, "अश्विनीताई, माझ्या हातात असतं तर मी थांबले असते. दिवाळीच्या सुट्टीनंतर महिनाभरात पोरं परत दिसली पाहिजेत. नाहीतर तुमच्या जागी दुसरी बाई द्यायला वरूनच सांगतील."

अश्विनीला हे काम लग्नानंतर तीन वर्षांनी मिळालं होतं. बडबडगीतं, मण्यांची माळ, चिखलाचे बैल हे सगळं तिला मनापासून आवडायचं. ती त्याच आठवड्यात मंचरच्या डॉक्टरांकडे परत गेली. "मला मलम नको. हे कशामुळे होतंय ते सांगा."

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "ते मला इथं बसून सांगता येणार नाही. पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठीला पट्ट्या लावून तपासतात. तिकडे जा."

पुण्यात कातडीच्या विभागात तरुण डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिले, मान पाहिली, आणि मग औषधाचं न बोलता प्रश्न विचारत बसल्या. शेतात काय फवारता? भांडी कशानं घासता? डोक्याला तेल कुठलं? खाज आधी हाताला आली की मानेला? अश्विनीला बरं वाटलं. इतके दिवस सगळ्यांनी हात लांबूनच बघितले होते.

"पाठीवर पट्ट्या लावू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकेका चौकोनात एकेक वस्तू असते. ज्या वस्तूशी तुमच्या कातडीचं वाकडं असेल तिथंच लाल होईल. दोन दिवसांनी पट्ट्या काढू आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघू. तोवर पाठ भिजवायची नाही. घाम येईल असं काम नाही, ओझं नाही, आंघोळ नाही. आता दिवाळी आली. त्यामुळे तुम्ही पुढच्या महिन्यात या."

"पुढच्या महिन्यात उशीर होईल," अश्विनी म्हणाली. "आजच लावा."

"उद्या पहिली आंघोळ आहे, माहीत आहे ना? घरचे काय म्हणतील?"

"ते मी बघते. तुम्ही लावा."

घरी आल्यावर तिनं सासूला सरळ सांगितलं. सरूबाई चकलीचं पीठ मळत होती. तिचे हात परातीतच थांबले.

"पयल्या आंघोळीला पारोशी ऱ्हाणार तू? घरातली सून?"

"हो आत्या."

"पयल्या आंघोळीला न्हात न्हाई ती नरकात जाती, ठावं हाय ना?"

"अंगणवाडी गेली तर मला इथंच नरक आहे."

भरत, तिचा नवरा, कांद्याच्या रोपांना पाणी देऊन नुकताच आला होता. त्यानं मध्यममार्ग काढला. "आये, तिला दोन तांबे खांद्याच्या खाली घेऊ दे. आणि तू गं, डोक्यावरनं जरा पाणी घे. कुणाला कळतंय?"

"पट्ट्यांना कळेल," अश्विनी म्हणाली.

सरूबाईनं उरलेलं पीठ जोरजोरात मळून टाकलं. पहाटे चुलवणावर पाणी तापलं, उटण्याचा वास घरभर पसरला, भरतला ओवाळलं, तेल लावलं. अश्विनीनं हातपाय धुतले आणि ओसरीच्या कडेला बसून राहिली. पोरीबाळी फुलबाज्या घेऊन आळीतून पळत होत्या. थोड्या वेळानं सरूबाई बाहेर आली आणि तिच्या पायापाशी चिराटं ठेवलं, पहिल्या दिवशी पायाच्या अंगठ्यानं फोडतात ते छोटं कडू फळ.

"फोड. ह्याला काय पाणी लागत न्हाई."

अश्विनीनं ते फोडलं. सरूबाईनं कडू बी तिच्या जिभेला लावलं, कपाळाला कुंकू टेकवलं आणि "सैपाकघरात येऊ नगंस मातर" असं म्हणून आत गेली.

ऊन वर आल्यावर फराळाची ताटं इकडून तिकडे फिरायला लागली. गोजरबाई आली ती ताट घेऊन, पण नजर ओसरीवर.

"काय गं सरूबाई, तुझी सून आज न्हाली न्हाई म्हणत्यात? आधी हात, आता सगळं अंगच का?"

अश्विनी काही बोलणार तेवढ्यात सरूबाई दारात आली. "तिच्या पाठीला डाक्टरणीनं कुलूप घातलंय. किल्ली पुण्यात ऱ्हायलीया. तुला लई घाई असंल तर जा आन् घिऊन ये."

 गोजरबाईनं ताट ठेवलं आणि चिवडा तिखट झालाय एवढं ऐकवून गेली.

दुपारी उजव्या खांद्याखालच्या एका चौकोनात खाज सुटली. बाकीचे शांत, तो एकच. खाज अशी की भिंतीला पाठ घासावी. अश्विनीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तिथं खाजतंय म्हणजे तिथंच उत्तर आहे, हे तिला कळत होतं, आणि ते उत्तर आपल्याच नखांनी पुसून टाकायचं नव्हतं. सरूबाईनं तिचा चेहरा पाहिला. काही न विचारता ती सूप घेऊन आली, मागे बसली आणि तिच्या पाठीवर वारा घालत राहिली. हात दुखला की दुसऱ्या हातानं.

"आत्या, राहू दे."

"गप बस. शेंगा पाखडायच्या व्हत्याच मला, हात मोकळा करतीया."

दोन दिवसांनी पुण्यात पट्ट्या निघाल्या, पेनानं खुणा झाल्या. भाऊबीज झाल्यावर अश्विनी पुन्हा पुण्याला गेली तेव्हा तो चौकोन लाल होऊन सुजला होता आणि त्यावर तिच्या बोटांवर असायचे तसेच बारीक फोड होते. बाकीची पाठ स्वच्छ.

"ही वासाची जागा," डॉक्टरीणबाईंनी आरसा धरून दाखवलं. "साबण, पावडर, तेल, उटणं, यांना छान वास यावा म्हणून जे घालतात, त्यातली काही द्रव्यं इथं होती. तुमच्या कातडीनं त्यांच्याशी वैर धरलंय. रोज रोज हात लागून लागून एक दिवस ते सुरू होतं. पुन्हा जात नाही."

"म्हणजे जन्मभर?"

"वैर जन्मभर. फोड नाही. वासाचं काही लावलंच नाही तर हात बरे होतील."

अश्विनीनं पिशवीतून गुलाबी साबणाचा कागद काढला. तो तिनं मुद्दाम आणला होता. "यातलं नेमकं कुठलं?"

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. "यावर नुसतं 'सुगंध' लिहिलंय. त्या एका शब्दात कितीतरी वस्तू असतात. कुठल्या, ते कंपनी लिहीत नाही. म्हणून तुम्ही वासाचं सगळंच सोडायचं."

"आणि हे दुसऱ्याला लागतं का?"

"अजिबात नाही. मी तुम्हाला तसं लिहून देते."

अश्विनीनं मान हलवली. "आमच्या आळीतल्या आज्या कागद वाचत नाहीत, हात बघतात. त्यांना दाखवता येईल असं काही सांगा."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्यांनी सांगितलं, की एखादं तेल किंवा मलम आपल्याला चालतं का हे घरी बघायचं असेल तर ते कोपराच्या आतल्या बाजूला, लवणीत, सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं लावायचं. चालत नसेल तर काही दिवसांत तिथं उठतं. "पण तुमचं तर ठरलेलंच आहे. तुम्ही कशाला लावून घेता?"

"बघते," अश्विनी म्हणाली.

घरातून गुलाबी साबण गेला, पावडर गेली. उटण्यावरून सरूबाई अडली. "ह्ये तर झाडपाल्याचं हाय. ह्यात कुठली कंपनी आली?"

"आत्या, वास झाडाचा असला तरी माझ्या कातडीला तो वासच."

मग डाळीच्या पिठानं आंघोळ आणि घाण्यावरचं साधं खोबरेल. अंगणवाडीत साबण साळुबाईच्या हातात गेला. वास घेणंही बंद झालं. अश्विनीनं पोरांच्या तळव्यांवर कोळशाचं बोट ओढायला सुरुवात केली. काळं गेलं की हात धुतले. उरलेल्या पोरांना हा खेळ जास्तच आवडला, कारण त्यात आधी घाण व्हायला मिळायचं. पंधरवड्यात हातांच्या भेगा मिटायला लागल्या. पण रांग वाढली नाही. बऱ्या होत चाललेल्या हातांकडे बघायला तरी कोण येत होतं?

तेव्हा अश्विनीच गेली. गोजरबाईच्या ओट्यावर दुपारच्या बाया शेंगा फोडायला बसायच्या. ती जाऊन समोर उभी राहिली.

"आजी, तुमच्या प्राचीचं डोक्याचं वासाचं तेल आहे ना, ते आणा."

प्राची गोजरबाईची सून. ती बाटली घेऊन आली आणि सासूकडे बघत उभी राहिली.

"मला कशानं झालंय ते सगळ्यांच्या समोर दाखवते," अश्विनी म्हणाली. "हे तेल मी कोपराच्या आत लावणार. तुम्हीपण लावायचं. दिवसातून दोनदा. मी रोज इथं येऊन लावेन, म्हणजे घरी काही वेगळं लावलं असं कुणी म्हणायला नको."

"आमी कशापायी?" एक जण म्हणाली.

"ज्याचं तेल त्यालाच भ्या का?" गोजरबाई तिला म्हणाली आणि तिनंच आधी बाही वर केली. "मी दिवसभर डोक्याला थापती. मला काय व्हतंय?"

रोज दुपारी अश्विनी यायची, संध्याकाळी परत यायची. कोपरं दाखवली जायची. बायांना त्यात गंमत वाटायला लागली. कुणी म्हणायची माझंच कोपर गोरं झालं बघ. चौथ्या की पाचव्या दिवशी अश्विनीच्या कोपरात लाली आली. त्यानंतर फोड. ओट्यावरच्या बाकी सगळ्या कोपरांना नुसता तेलाचा वास.

 प्राचीनं बाटली उचलून बूच घट्ट लावलं.

गोजरबाई मात्र हार मानणारी नव्हती. तिनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि शांतपणे म्हणाली, "बरं. तुला तेलानं उठतं, आमाला उठत न्हाई. पर तुझं उठलेलं आमच्या पोरांना लागंल का न्हाई, ते कुठं ठरलं?"

प्रश्न बरोबर होता, हे अश्विनीला मान्य करावं लागलं. अंगणवाडीतल्या पोरानं असा प्रश्न विचारला असता तर तिनं त्याची पाठ थोपटली असती.

"तेपण ठरवू," ती म्हणाली आणि गोजरबाईशेजारी बसली. फोड आलेलं कोपर तिनं पुढं केलं. "तुमचं कोपर याला लावा."

ओट्यावरचे सगळे हात थांबले. गोजरबाईनं त्या फोडांकडे बघितलं, मग जमलेल्या बायांकडे. आपणच वाढवलेली गोष्ट होती. तिनं तोंडातली मिश्री बाजूला थुंकली.

"प्राची, टावेल आण गं. नुसतं टेकवून काय व्हतंय? बांध चांगलं."

प्राचीनं दोघींची कोपरं आतल्या बाजूनं एकमेकांना लावून टॉवेलनं बांधली. अश्विनीचा एक हात मोकळा, गोजरबाईचा एक. तशाच बसून दोघी शेंगा फोडायला लागल्या. एकीनं धरायची, दुसरीनं दाबायची. पहिल्या शेंगा निसटून अंगणात उडाल्या.

"सरळ धर की गं. मास्तरीन म्हणं."

"तुम्ही दाबता कुठं आजी? दाणा पिचला."

सार्थक अंगणातून पळत आला आणि थबकला. "आज्जी, तुला बाईंनी बांधून ठिवलंय?"

"न्हाई रं बाबा. मी तिला बांधून ठिवलंय. पळून जाईल म्हनून."

तो हसत सुटला आणि अश्विनीच्या मांडीवर येऊन बसला. प्राची त्याला उचलायला पुढं झाली, पण सासू काही बोलेना म्हणून तिथंच थांबली. सूप भरेपर्यंत टॉवेल सुटला नाही. दुसऱ्या दिवशी गोजरबाईनंच पुन्हा बांधायला लावला. "एका दिसानं काय कळतंय? खरूज दम खाती," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशीही बांधला. मग तिनं रोज उजेडात कोपर धरून बघायला सुरुवात केली. प्राचीकडून बघून घ्यायची, येणाऱ्याजाणाऱ्याकडूनही. आठवडा गेला. अश्विनीनं तेल बंद केलं तसे तिचे फोड सुकले, आणि गोजरबाईच्या कोपरावर सुरकुत्यांखेरीज काही आलं नाही.

सोमवारी सकाळी गोजरबाई सार्थकला घेऊन अंगणवाडीत आली. पोरं जमिनीवर खडूनं बैल काढत होती. तिनं सार्थकला त्यांच्यात ढकललं आणि स्वतः अश्विनीसमोर हात पसरून उभी राहिली.

"दे."

"काय आजी?"

"सुकडी दे. तुझ्या हातानं. साळुबाईच्या न्हाई."

अश्विनीनं मूठभर सुकडी तिच्या हातावर ठेवली. गोजरबाईनं ती तिथंच उभ्यानं खाल्ली, अगदी दाराच्या उजेडात, आळीतून जाणाऱ्या बायांना दिसेल अशी. "गूळ कमी पडलाय," ती म्हणाली आणि घरी गेली.

त्या आठवड्यात पोरं एकेक करून परतली. दोन पोरं आली नाहीत; त्यांच्या आया म्हणाल्या, अजून थोडं बघू. अश्विनीनं त्यांच्याही ओट्यावर जाऊन बसायचं ठरवलं.

महिना संपता संपता मुख्यसेविका मॅडम आल्या. पिंपापाशी रांग होती, तळव्यांवर कोळसा होता, गलका होता. नातवाला न्यायला आलेली गोजरबाई उंबऱ्यावर बसली होती. मॅडम अश्विनीजवळ जायला लागल्या तशी ती म्हणाली, "मॅडम, जरा लांबनं बोला. तुमच्या अंगाला पावडरीचा वास हाय. आमच्या बाईला चालत न्हाई."

मॅडम गोंधळून थांबल्या. "पण आजी, ही पोरं परत कशी आली? लोकांचा विश्वास कसा बसला?"

गोजरबाईनं बाही वर केली आणि कोपर त्यांच्यासमोर धरलं. "ह्ये बघा."

मॅडमनी वाकून पाहिलं. चष्मा सारखा करून पुन्हा पाहिलं. "यात तर काहीच नाही."

"काय न्हाई ना?" गोजरबाई म्हणाली. "तेच दावतीया."